सात नंबरचा पाइप

१

चिखल बोलतो, असं केवलराम लांजेवार म्हणायचा. फक्त आधी त्याला नीट वाळवावं लागतं.

भिलाईच्या स्टील प्लांटच्या केमिकल लॅबमध्ये चौतीस वर्षं काढून हा गडी रिटायर झाला. घरी बसून बायकोच्या वरणात मीठ किती, ही चौकशी करण्यापेक्षा बरं, म्हणून इंडस्ट्रियल एरियातल्या एका छोट्या खाजगी लॅबमध्ये लागला. काम मातीचं नि गाळाचं. माणूस भारी काटेकोर. चमचा एकदा धुतला म्हणजे धुतला, असं त्याच्या शास्त्रात नव्हतं. तीनदा धुवायचा, चौथ्यांदा उजेडात धरून बघायचा, आणि वर बाकीच्यांना दोन शब्द सुनावायचे.

मे महिन्यात ओडिशाकडच्या एका खाडीतून सात पाइप आले. समुद्राला नदी मिळते तिथे ओहोटीला चिखल उघडा पडतो. त्यात मीटरभर लांबीचा प्लास्टिकचा पाइप उभा ठोकायचा, वर बूच लावायचं आणि आतल्या गाळासकट उपटून काढायचा. वरचा थर काल-परवाचा, तळाचा पन्नास वर्षांपूर्वीचा. केवलराम तो गाळ दट्ट्यानं हळूहळू बाहेर ढकलायचा, बोटभर जाडीच्या चकत्या पाडायचा, ओव्हनमध्ये वाळवायचा, खलात कुटून मैद्यासारखा चाळायचा. मग अ‍ॅसिडात विरघळवून नीतूकडे द्यायचा. नीतू म्हणजे लॅबची इनचार्ज, पस्तिशीची, घरी मराठी नि बाहेर हिंदी बोलणारी. तिचं मशीन सांगायचं, गाळात शिसं किती, पारा किती, कॅडमियम किती.

सहा पाइपांचा गाळ राखाडी होता. सातव्याचा काळा, आणि हाताला लोण्यासारखा. त्यातलं शिसं बाकीच्यांच्या अकरापट निघालं. तिथल्या मच्छीमारांचं कसं होत असेल, म्हणून केवलरामला वाईट वाटलं, त्यानं चहा घेतला आणि रिपोर्ट पुढे सरकवला.

रिकामे पाइप भंगारात निघाले. आता भिलाईचा माणूस चांगला पाइप भंगारात जाऊ देईल? वैशाली नगरातल्या त्याच्या घरात पडद्याच्या दांड्यापासून तुळशीच्या कठड्यापर्यंत अर्धं सामान असंच कुठल्या ना कुठल्या भंगारातून आलेलं. त्यातून घरी मोरीचा पाइप फुटलेला, पाणी अंगणात पसरायचं. लेक टीना सातव्या महिन्यात, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. "पोरगी घसरली तं काय करान?" असं अन्नपूर्णा चार दिवसांपासून डोकं खात होती.

सातांत तोच धड होता म्हणून त्यानं नेमका सातवाच उचलला. अ‍ॅसिडनं तीनदा धुतला, चौथ्यांदा उजेडात धरून बघितला. संध्याकाळी मोरीखाली मुरुमात पुरून टाकला. पलीकडचं तोंड अंगणाच्या कोपऱ्यात, शोषखड्ड्याकडे. तीन फुटांचं काम.

"झालं बाई तुझ्या मनासारखं," तो अन्नपूर्णेला म्हणाला.

२

दुसऱ्या सकाळी सहाला तो दात घासत अंगणात गेला, तर पाइपाच्या तोंडाशी ओला चिखल. ओंजळभर. काळसर, गुळगुळीत.

मोरीत अजून कोणी तांब्याभर पाणीही ओतलं नव्हतं. नळ साडेसहाला यायचा. मे महिन्यातल्या भिलाईत जमीन अशी तापते की रात्रीसुद्धा अनवाणी पाय ठेववत नाही. ओल यायची तरी कुठून? कुठे तरी नळाची लाइन गळत असेल, असं त्याने ठरवलं. ठरवलं की माणसाला बरं वाटतं.

लॅबमध्ये मात्र त्या दिवसापासून एक किरकोळ भानगड सुरू झाली. वाळवलेला गाळ पुन्हा पुन्हा तोलायचा असतो. दोनदा तोलून वजन तेच आलं, की वाळला असं समजायचं. सातव्याची वाटी काही एका वजनावर राहीना. सकाळी जड, दुपारी हलकी, संध्याकाळी पुन्हा जड.

"खारं हाय ना ते," केवलराम म्हणाला. "मीठ हवेतलं पानी ओढते. त्यात तुमचा कूलर."

"मग बाकी सहा काऊन नाही ओढत, काका?" नीतूनं विचारलं.

असल्या प्रश्नांनी तो चिडायचा. त्याने तासातासाला वजन लिहायला घेतलं. चार दिवसांत दिसलं, की वजन दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, आणि चढायची वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकते. नमुन्यांसोबत आलेल्या कागदांमध्ये त्या खाडीच्या भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक होतं. त्याने ते वहीशेजारी ठेवलं. वेळा मिनिटामिनिटाला जुळत होत्या. मग वही मिटली.

समुद्र इथून कितीतरी कोसांवर. वाटीतल्या बारा ग्रॅम धुळीला तिथली भरती कळते, असं म्हणणाऱ्या माणसाला चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यानेच लॅबमधून हाकलून दिलं असतं.

घरी मात्र तो पाइपाकडे वेळ बघून जाऊ लागला. आणि चिखल वेळेवर यायचा.

३

दुपारी त्यांच्या घरात एकच आवाज असायचा, कूलरचा. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, आत हिरवट अंधार, बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. त्या घरघरीच्या आत केवलरामला हळूहळू दुसरा एक आवाज ऐकू येऊ लागला. करकर. थांबून, पुन्हा करकर.

टीना फुटाणे खाते, असं त्याला वाटायचं. खाऊ दे बिचारी, दोन जिवांची आहे.

तेराव्या दिवशी मात्र पाणी प्यायला उठला आणि मधल्या खोलीत डोकावला. टीना भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. मांडीवर स्टीलची वाटी. डोळे अर्धवट मिटलेले. वाटीतला काळा तुकडा तिने दातांखाली धरला. करकर. तिच्या ओठांच्या कडा काळ्या झाल्या होत्या.

"काय वं, काय खाऊन राहिली तू?"

ती लाजली. लहानपणी पेन्सिल खाताना सापडली की लाजायची, तशीच. "माती, बाबा. आईनं भाजून देल्ली."

केवलराम पुढे झाला. त्याने वाटी हिसकावली. तेवढ्यात अन्नपूर्णा आतून आली, पदराला हात पुसत.

"ओरडू नका जी तिच्यावर. डोहाळे हायेत. माह्या येळेस माह्या मायनं भिंतीचा पोपडा भाजून देल्ला होता. हीच पोरगी झाली ना मंग? काय वाकडं झालं तिचं?"

"कुठची माती हाय हे?"

"आपल्याच आंगनातली. पाइपाच्या तोंडाशी येते ना रोज, लोन्यासारखी. खडा नाई की काडी नाई. थापून उन्हात वाळवतो, तव्यावर भाजतो. वास तं पाहा किती चांगला येते!"

"किती दिवसांपासून?"

"पाइप बसवला तवापासूनच." आता तिच्या आवाजातली धार गेली. "काऊन? काय झालं?"

आईच्या पोटातलं शिसं बाळाच्या हाडात, मेंदूत उतरतं, हे त्याने कित्येक रिपोर्टांखाली छापील वाक्य म्हणून वाचलं होतं. पहिल्यांदाच ते वाक्य त्याच्या घरात येऊन बसलं. त्या चिमण्या जिवाला काही झालं तर, त्याच्या मनात आलं, करणारा मी आहे. पाइप मीच आणला.

"हे बंद," एवढंच तो म्हणाला. "आजपासून एक कन नाई."

टीनानं मान हलवली, पण तिची नजर वाटीवरच होती. "खाल्लं की बरं वाटते, बाबा," ती म्हणाली. "नाई तं कधीकधी इतकी हलकी होऊन जातो मी. जसं पोटात कोनी नाईच."

त्याने पाइपाच्या तोंडात पोत्याचा बोळा कोंबला, वर दगड ठेवला. संध्याकाळी बोळा अंगणाच्या मधोमध पडलेला होता, ओलाचिंब, आणि दगड बाजूला सरकलेला. मांजरानं केलं असेल, तो मोठ्यानं म्हणाला. त्यांच्या गल्लीत मांजर नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी वाटीतली माती त्याने लॅबमध्ये नेली. नाव न लिहिता नीतूला दिली. दुपारी तिने त्याला मशीनपाशी बोलावलं.

"काका, ये क्या मजाक है? सातवा नमुनाच परत देल्ला का तुमी?"

"नाई. दुसऱ्या जागेचा हाय."

"मग हे पाहा." तिने दोन कागद शेजारी शेजारी धरले. शिसं, पारा, कॅडमियम. आकडे तेच, शेवटच्या दशांशापर्यंत. "एकाच वाटीतली माती दोनदा तपासली तरी इतकं सेम येत नाही. तुमीच शिकवलं ना मले?"

त्यानेच शिकवलं होतं. तो स्टुलावर बसला आणि त्याने तिला सगळं सांगितलं. पाइप, चिखल, टीना. वेळापत्रकाचं तेवढं गिळलं. ते बोललं की खरं झालं असतं.

नीतू हसली नाही. "काका, पहले दीदीचं ब्लड द्या," ती म्हणाली. "बाकीचं मग पाहू."

रक्त त्याच संध्याकाळी दिलं. रिपोर्टला दोन दिवस लागणार होते. हे दोन दिवस केवलरामनं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. जावई शुभम रेल्वेत, गोंदियाला. त्याचा फोन आला की हा मोरीकडे निघून जायचा. अन्नपूर्णा देवापुढे बसायची, मधेच उठून नवऱ्याकडे बघायची. तिने त्याला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

त्या दिवसांत एकदा त्याने पाइपात तार घातली. पाइप तीन फुटांचा, दोन्ही टोकं त्याच्या हातानं पुरलेली. तार तीन फूट गेली, सहा फूट गेली. दहा फुटांचं वेटोळं संपलं तरी पलीकडे मोरीत टोक निघालं नाही. त्याने ओढून घेतली तेव्हा ती शेवटपर्यंत काळी माखलेली होती. मग तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने कान लावला.

आतून वारा येत होता. गार, खारट, मासळी बाजारातल्यासारख्या वासाचा. त्यामागे बारीक टपटप, मोकळ्या जागेतली, दूरदूर पसरलेली. ओल्या चिखलात बुडबुडे फुटतात तसली. तो ऐकत असतानाच वारा थांबला. क्षणभर काहीच नाही. मग तो उलटा वाहू लागला, आत, आणि केवलरामच्या कानापाशी पडलेलं कडुलिंबाचं वाळकं पान सरकत सरकत पाइपात गेलं.

त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं. वेळापत्रक बघायची गरज नव्हती. ते पाठ झालं होतं.

५

सोळाव्या दिवशी सकाळी आठला दवाखान्यात नंबर लागला. सोनोग्राफी झाली. बाळ छान आहे, वजन चांगलं आहे, डॉक्टरीण म्हणाली. ठोके घोड्यासारखे पडतात. रक्ताचा कागद तिने उलटून बघितला. शिसं नाही. मोजण्याइतकंसुद्धा नाही.

अन्नपूर्णा तिथेच रडली. केवलरामनं दवाखान्याबाहेर सगळ्यांना उसाचा रस पाजला, रिक्षावाल्यालासुद्धा. सोळा दिवसांनी त्याला ऊन कडक लागलं, तहान लागली, भूक लागली. त्याने नीतूला फोन केला.

"शून्य, नीतू! शून्य!"

"काका, शून्य कोणाचंच नसते," ती म्हणाली. "तुमचं, माझं, थोडं तं असतेच. आणि दीदीनं तेरा दिवस खाल्लं. मग ते गेलं कुठी?"

"गेलं चुलीत," तो म्हणाला आणि फोन ठेवला. आनंदाच्या वेळी असली माणसं नकोत.

तरी प्रश्न डोक्यात शिरलाच. खाल्लं ते कुठे तरी असायलाच हवं. आईत नाही, तर... त्याने विचार तिथेच तोडला. आता एकच करायचं. पाइप उपटायचा, भोक बुजवायचं, विषय संपवायचा. पोरीपर्यंत त्या चिखलाचा एक थेंबही पोचता कामा नये.

जेवणं झाली. अन्नपूर्णा खुर्सीपारच्या बाजारात निघाली. परवा डोहाळजेवण ठेवलं होतं, हिरव्या बांगड्या नि ओटीचं सामान आणायचं होतं. टीना मधल्या खोलीत कूलरपुढे आडवी झाली. केवलराम जलद धरणारं सिमेंट घेऊन आला आणि अंगणात गेला. एक वाजून गेला होता. छापील कागदाप्रमाणे पूर्ण ओहोटी एक वाजून दहाला.

पाइप सहज निघाला. तीन फुटांचा, कोरडा, हलका. त्याने आरी घेतली आणि त्याचे चार तुकडे केले. जमिनीत मात्र भोक तसंच राहिलं होतं, गोल, ओलं, खाली जाणारं. त्याला तळ दिसेना. सिमेंट कालवून घमेल्यानं ओतायला लागला, तेव्हा खूप खालून, खूप लांबून एक बारीक आवाज आला. लांबणारा. थांबून श्वास घेणारा.

हवा कोंडली की असा आवाज होतो, त्याने स्वतःला सांगितलं. तो भराभर ओतत राहिला. तिसऱ्या घमेल्याला आवाज बंद झाला. त्याने थापीनं वरून साफ केलं, घाम पुसला. किती तरी दिवसांनी अंगण शांत होतं.

६

पाणी प्यायला आत आला आणि लेकीला एकदा बघावं म्हणून मधल्या खोलीत गेला.

टीना पाठीवर झोपली होती. हिरवट उजेडात चेहरा शांत. साडीचा पदर बाजूला सरकला होता, म्हणून त्याने मान फिरवली. बापानं बघू नये. आणि फिरवलेली मान त्याने पुन्हा वळवली.

पोट नव्हतं. सात महिन्यांचं, सकाळी डॉक्टरणीनं ज्यावर हात फिरवला ते पोट नव्हतं. सपाट, आत गेलेलं, आणि सैल कातडीवर एकामागे एक बारीक लाटांच्या रेघा, पाणी निघून गेल्यावर चिखलावर राहतात तशा. बेंबीपाशी ओल चमकत होती.

तो दाराला धरून उभा राहिला. किती वेळ, कोण जाणे. बाहेर फाटक वाजलं, अन्नपूर्णा आली. तिने पिशव्या ठेवल्या, त्याच्या खांद्यावरून आत बघितलं आणि पुढे होऊन लेकीच्या अंगावर पदर सारखा केला. रोजचं काम असल्यासारखं.

"भिऊ नका," ती हळू आवाजात म्हणाली. "मी बी पयल्या दिवशी भ्यायली. उतरते आणि भरते परत. झोपेत असते, तिले काई समजत नाई. डॉक्टरनीनं सांगतलं ना, बाळ चांगलं हाय. सात-साडेसातले येऊन जाईन पाहा."

"तुले माहीत होतं?"

"तुमाले कसं सांगू? तुमी मानलं असतं का?" तिने त्याच्याकडे नीट बघितलं. हातांवरचं सिमेंट बघितलं. मागच्या दाराकडे बघितलं. तिच्या हातातली हिरव्या बांगड्यांची पुडी खाली पडली. "काय केलं तुमी? अहो, आत्ता? ते भायेर असताना?"

मग केवलराम धावला. लोखंडी सब्बल घेतली. सिमेंट धरलं होतं. पहिल्या घावाला ठिणगी उडाली. उन्हात बासष्ट वर्षांचा माणूस घाव घालत राहिला, हातांची सालं निघाली, अन्नपूर्णा हातांनी तुकडे बाजूला काढत राहिली. सिमेंट निघालं. खाली मुरूम होता. लाल, कोरडा, कधी पाणी न बघितलेला. हातभर खणला, कमरेइतका खणला. भोक कुठेच नव्हतं.

त्याने पाइपाचे चार तुकडे चिकटपट्टीनं जोडले आणि खड्ड्यात उभे केले. बादल्यांनी पाणी ओतलं. घरातलं मीठ मागितलं, अन्नपूर्णेनं डबाच आणून दिला, ते पाण्यात कालवून ओतलं. मुरुमानं सगळं पिऊन टाकलं. तो पोटावर पालथा पडून त्या तुकड्यांत तोंड घालून हाका मारत राहिला. नाव तर ठेवलेलं नव्हतं. म्हणून नुसतं "बाळा, बाळा, इकडं ये" म्हणत राहिला. शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी बघत होतं. बघू दे.

ऊन उतरलं. साडेसात झाले. दिवेलागण झाली. ती दोघं लेकीच्या दोन बाजूंना बसून होती. अन्नपूर्णेनं पदराखाली हात ठेवला होता, आणि केवलराम तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. ती मान हलवायची, अजून नाही. पावणेआठ. आठ. तिने हात काढून घेतला नाही, पण मान हलवायची बंद केली.

टीना जागी झाली. अंधाराकडे बघत तिने आळस दिला, आणि तिचा हात आपोआप पोटाकडे गेला. आईच्या हातावर येऊन थांबला.

"बाबा," ती झोपाळू आवाजात म्हणाली, "किती वाजले?"

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाआठ झाले होते.

"सात," केवलराम म्हणाला. "झोप बेटा. अजून येळ हाय."